पेसाच्या पैशातून बाळांसाठी काय घ्यावं? फोर्टिफाइड तांदूळ, पाकीट, पावडर आणि घरचं पीठ

मेळघाटातल्या एका पेसा गावाचा (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) प्रश्न असा आहे: गावात सहा महिने ते तीन वर्षं वयाची तीसेक मुलं आहेत आणि त्यातली बरीच वजनात मागे आहेत. ग्रामसभा अबंध निधीतला, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानेच ठरवायच्या निधीतला, काही पैसा त्यांच्यासाठी खर्च करायला तयार आहे. मग फोर्टिफाइड, म्हणजे वरून लोह-जीवनसत्त्वं घातलेल्या, पावडरचे डबे घ्यावेत, बचत गटाकडून फोर्टिफाइड पीठ करून घ्यावं, की दुसरं काही? शिवाय रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात अशी गावात चर्चा आहे. गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यामुळे तो तांदूळ लहानग्यांना द्यावा की नाही, हेही विचारलं आहे.

आधी थोडक्यात उत्तर. डबे घेऊ नका. गावात पिठामध्ये लोह-जीवनसत्त्वांचं मिश्रण कालवू नका. रेशनचा तांदूळ निर्धास्तपणे द्या, पण त्याने वजन वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. पैसा लावा तो अंडी, तेल, शेंगदाणे, दळण आणि दुपारच्या वेळी मुलाला भरवणारं माणूस यांवर. आता कारणं.

फोर्टिफाइड म्हणजे नेमकं काय भरून निघतं

मुलाच्या कुपोषणात दोन वेगळ्या उणिवा एकत्र असतात. एक, पोटात पुरेशी ऊर्जा आणि प्रथिनं जात नाहीत, म्हणून वजन आणि उंची खुंटते. दोन, लोह, जस्त, जीवनसत्त्व अ, बी-१२, फॉलिक ॲसिड, आयोडीन अशी सूक्ष्म द्रव्यं कमी पडतात. त्यामुळे मूल फिकट दिसतं, सारखं आजारी पडतं, त्याचं खेळण्यात लक्ष नसतं. फोर्टिफिकेशन फक्त दुसऱ्या उणिवेसाठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं उंचीने खुंटलेली, तर सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. दोन्ही आकडे मोठे आहेत, पण त्यांचे उपाय एक नाहीत.

तांदळाचाच हिशोब करून बघा. सरकारी मानकाप्रमाणे एक किलो फोर्टिफाइड तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं, सोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२. दोन वर्षांचं मूल दिवसभरात ६० ग्रॅम तांदळाचा भात खातं असं धरलं तर त्याला १.७ ते २.५ मिलिग्रॅम लोह मिळालं. त्या वयाची रोजची गरज सुमारे ८ मिलिग्रॅम. नऊ-दहा महिन्यांचं बाळ ३० ग्रॅम तांदूळ खात असेल, तर त्याच्या वाट्याला एक मिलिग्रॅमच्या आसपास येतं. तांदळात घातलेलं लोह फेरिक पायरोफॉस्फेट या रूपात असतं. त्याने भाताचा रंग-चव बदलत नाही, हा फायदा. पण शरीर ते कमी शोषतं. ६० ग्रॅम तांदळाच्या कॅलरी मात्र फोर्टिफाइड असो वा साधा, तेवढ्याच, म्हणजे २१० च्या घरात. आईला, किशोरवयीन मुलीला, रोज तीन-चारशे ग्रॅम भात खाणाऱ्या माणसाला या तांदळाचा चांगला उपयोग होतो. तान्ह्याच्या वाटीत तो थोडीशी भर घालतो, एवढंच.

“प्लास्टिकचे दाणे” आणि सिकलसेल

हे दाणे तांदळाच्या पिठाचेच असतात. पिठात लोह-जीवनसत्त्वांचं मिश्रण मळून यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. महाराष्ट्रात या तांदळाचा पथदर्शी प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. मार्च २०२४ पर्यंत देशभर रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात हाच तांदूळ आला. दाणा थोडा पिवळसर, अपारदर्शक असतो आणि हलका असल्याने धुताना पाण्यावर तरंगतो. मग बाया तो पोचट समजून हाताने वेचून फेकतात, आणि ज्यासाठी तांदूळ फोर्टिफाइड केला तेच उकिरड्यावर जातं. शंका असेल तर असे दहा-वीस दाणे वाटीत भिजत घाला. दोन-तीन तासांनी बोटाने चोळा, पीठ होतं. प्लास्टिकचं पीठ होत नाही. ग्रामसभेत सगळ्यांसमोर हे एकदा करून दाखवा. कागदी खुलाशापेक्षा त्याने जास्त लोकांचा विश्वास बसतो.

शिजवताना एवढंच पाहा: तांदूळ एक-दोनदा हलका धुवा, मोजक्या पाण्यात शिजवा. भरपूर पाण्यात उकळून पेज गाळत असाल, तर ती फेकू नका. भिजवलेलं पाणीही त्याच भातात वापरा.

सिकलसेलची भीती समजण्यासारखी आहे. पूर्वी अशा तांदळाच्या पोत्यावर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी सूचना छापलेली असायची. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर ती अट काढण्यात आली, कारण भातातून जाणारं लोह अगदी थोडं असतं. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्या कार्डावर एएस लिहिलं आहे, त्याला काहीच पथ्य नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णानेही हा भात खाल्ला तर बिघडत नाही. मात्र ज्या मुलाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या अंगात रक्तातूनच लोह साठत जातं. अशा मुलाच्या आहाराबद्दल आणि विशेषतः लोहाच्या औषधाबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. एसएस मुलाला फॉलिक ॲसिडची गरज उलट जास्त असते. ते त्याला वेगळं मिळतं की नाही, हे आशाताईने पाहावं.

तेल आणि मीठ

पॅकबंद तेलावर निळ्या रंगात “प्लस एफ” अशी खूण असेल, तर त्यात जीवनसत्त्व अ आणि ड घातलेलं असतं. एका लहान चमच्यात अ जीवनसत्त्व ३० ते ५० मायक्रोग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाची गरज ३९० च्या आसपास आहे, म्हणजे जास्तीत जास्त आठवा हिस्सा. तरी तेल घ्याच, कारण त्याचं खरं मोल त्यातल्या ४५ कॅलरींत आहे. घाण्याचं सुटं तेल फोर्टिफाइड नसतं, पण कॅलरी त्यातही तेवढ्याच. बाटली उन्हात, खिडकीत ठेवू नका आणि भजी तळून उरलेलं तेल बाळाच्या वाटीत घालू नका.

मीठ आयोडीनयुक्त घ्या, ते झाकण असलेल्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं मीठ मोठ्यांसाठी चांगलं, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात कोणतंच मीठ नको.

अंगणवाडीचं पाकीट घरात कुठे जातं

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहारातून रोज सुमारे ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा मापदंड आहे. वर्षभराच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय साधारण ५५० कॅलरी लागतात. म्हणजे कागदावर हे पाकीटच जवळजवळ सगळी गरज भागवतं. फोर्टिफाइड अन्नातही तुमच्या गावात फुकट आणि दर महिन्याला येणारी सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे. डबे विकत घ्यायच्या आधी ती मुलाच्या पोटात जाते की नाही, ते बघा.

न जाण्याची कारणं ठरलेली आहेत. पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं. सहा वर्षांच्या भावाला ते जास्त आवडतं. चव गोडमिट्ट किंवा एकसुरी असते, म्हणून चौथ्या दिवशी मूल तोंड फिरवतं. आई ते पाण्यात पातळ कालवते, कारण पातळ पचायला हलकं, अशी समजूत आहे. आणि उरलेलं बकरीपुढे जातं. यातल्या वाटणीवर रागावून उपयोग नाही. घरात अन्न कमी असेल तर आई वाटणारच. म्हणून मोठ्या भावंडांसाठी अंगणवाडीतला आणि शाळेतला गरम आहार रोज सुरू आहे ना, हे आधी तपासा. तो बंद पडला की धाकट्याच्या पाकिटाला वाटेकरी वाढतात.

चवीवर उपाय सोपा आहे. गोड मिश्रण असेल तर एक दिवस केळं कुस्करून, एक दिवस दुधात, एक दिवस थोडं तेल घालून परतून वडी किंवा लाडू करून द्या. तिखटमिठाचं खिचडीसारखं असेल तर मूठभर मुनग्याचा पाला किंवा चिवळ-घोळची भाजी बारीक चिरून घाला. उकळी फुटल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं पुरेत. अर्धा तास रटरट शिजवलं तर फॉलिक ॲसिडसारखी उष्णतेला नाजूक जीवनसत्त्वं उडून जातात.

पाकीट घेताना तारीख, बॅच क्रमांक आणि शिवण बघा. खवट वास, जाळं किंवा गाठी असतील तर ते वापरू नका आणि फेकूही नका. बाजूला ठेवून बॅच क्रमांकासह पर्यवेक्षिकेकडे लेखी द्या, प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

बचत गटाचं पीठ: हे नीट करा

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. प्रमाण असं: ज्वारी ५०० ग्रॅम, मूगडाळ २५० ग्रॅम, शेंगदाणे १२५ ग्रॅम. या मिश्रणाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३६५ कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं येतात. ज्वारीऐवजी गहू, कुटकी किंवा नाचणी चालेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तांदूळ वापरा. मूगाऐवजी हरभऱ्याची डाळ घेतली तर ती चांगली भाजायला हवी, नाहीतर पोट फुगतं. तीळ मूठभर घातले तर चांगलंच.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. एकत्र भाजलं की शेंगदाणा करपतो आणि ज्वारी कच्ची राहते. ज्वारी धुऊन, वाळवून, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत. डाळ बदामी रंगावर. दाणे सालं सुटेपर्यंत भाजून, सालं काढून. गिरणीत मिरची-हळदीच्या मागे दळायला टाकू नका. आधी किलोभर साधं धान्य त्या जात्यातून काढायला लावा. शेंगदाण्याचा कूट धान्याच्या पिठात आधीच मिसळू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेल सुटून दोन आठवड्यांत पीठ खवट होतं. धान्य-डाळीचं पीठ महिन्याचं करा, कूट आठवड्याचा वेगळा करा आणि वाटप करताना मिसळा.

शेंगदाण्याबद्दल कडक राहा. काळपट, सुरकुतलेला, बुरशी लागलेला, कडवट दाणा एकही नको. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. भाजून ते पुरतं जात नाही आणि लहान मुलाच्या यकृताला त्याचा फार त्रास होतो. स्वस्तातला फुटका माल बाळांच्या पिठासाठी घेणं हा सगळ्यात वाईट बचतीचा प्रकार आहे. निवडायला दोन बाया बसवा, त्यांची मजुरी खर्चात धरा.

सोयाबीन गावात मुबलक असतं, म्हणून ते घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे नुसतं वरवर भाजून दळलेलं सोयाबीन बाळाला ढाळ लावतं. घालायचंच असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, अर्धा तास उकळून, वाळवून, मग भाजा आणि एकूण पिठाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पूर्व विदर्भातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: लाखोळीची डाळ बाळाच्या पिठात अजिबात नको. तिच्यातल्या विषारी द्रव्याने पायातली ताकद जाण्याचा धोका असतो, आणि रोज खाल्ल्या जाणाऱ्या पिठात तो धोका का घ्यावा?

आता शिजवणं. भरून तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पीठ, थोड्या गार पाण्यात गाठी मोडून कालवा. एकूण पाणी २०० मिलिलिटर. मंद आचेवर ढवळत पाच-सात मिनिटं. खाली उतरवून एक लहान चमचा तेल किंवा तूप. यात १५५ च्या आसपास कॅलरी होतात. हेच जर दीड चमचा पीठ आणि बिनतेलाचं केलं, तर वाटी तेवढीच भरते पण कॅलरी ५५. बाळाच्या पोटाची मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी २१० मिलिलिटरच मावतात. पातळ पेज, वरणाचं पाणी किंवा डाळीची निवळ यांनी पोट भरतं आणि मूल उपाशीच राहतं. परीक्षा सोपी आहे: चमचा तिरका केला तर अन्न ओघळून पडता कामा नये. एक वर्षाच्या आत गूळ-साखर नको. नंतर थोडा गूळ चालेल.

घट्ट अन्न बाळ गिळत नाही, ही आयांची तक्रार खरी आहे. त्यावर मोडाचं पीठ हा जुना आणि उत्तम उपाय आहे. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस मोड येऊ द्या, उन्हात कडक वाळवा, मोड चोळून काढा, अगदी हलकं शेकून दळा. जास्त भाजलं तर त्यातलं अमायलेज, म्हणजे घट्ट पेज सैल करणारं द्रव्य, मरतं आणि पीठ निरुपयोगी होतं. पेज शिजवून चुलीवरून उतरवा. वाफ येते आहे पण उकळत नाही, अशा वेळी अर्धा लहान चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत घट्ट गोळा सैल होतो. पाणी न वाढवता पेज पातळ झाली, म्हणजे ३० ऐवजी ४५ ग्रॅम पीठ त्याच वाटीत बसतं आणि कॅलरी २०० च्या वर जातात. मग एक उकळी काढून कोमट करून भरवा. उकळत्या पेजेत घातलं तर काहीच होत नाही, आणि “हे जमत नाही” म्हणून लोक सोडून देतात. मोडासाठी ज्वारी वापरू नका. तिच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर का दगावतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

वयाप्रमाणे माप: सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. सात-आठ महिन्यांना २५० मिलिलिटरची अर्धी वाटी, दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी ते पाऊण वाटी, तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चारदा, आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी हातात. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. घराघरांत वाट्या वेगवेगळ्या असतात, म्हणून २५० मिलिलिटरची एकसारखी स्टीलची वाटी प्रत्येक मुलाला देणं हा या निधीचा अगदी छोटा पण फार उपयोगी खर्च आहे.

पिठात आपणच लोह मिसळलं तर?

नको. एक किलो पिठातून ३० ग्रॅमचे ३३ वाटे निघतात. प्रत्येक वाट्यात समजा १० मिलिग्रॅम लोह जायला हवं, तर किलोभर पिठात जेमतेम ३३० मिलिग्रॅम लोह सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. परातीत हाताने कालवून हे होत नाही. एका वाट्यात काहीच जात नाही, दुसऱ्यात पाच पट. कारखान्यात त्यासाठी मोजून टाकणारं यंत्र, मिसळणारं यंत्र आणि प्रत्येक खेपेची तपासणी असते.

लोह वरून द्यायचं तर ते एकेका मुलाच्या मापात द्यावं. सरकारी लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप त्यासाठीच आहे: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह. एक-एक ग्रॅमच्या सूक्ष्म पोषक भुकटीच्या पुड्याही असतात. ती पुडी शिजलेल्या, कोमट, घट्ट अन्नाच्या थोड्या भागात मिसळून अर्ध्या तासात संपवायची असते. उकळत्या अन्नात, दुधात, पाण्यात नाही, आणि दोन मुलांत वाटून नाही. मात्र सिरप आणि पुडी दोन्ही एकाच वेळी चालवू नका. कोणतं द्यायचं, ते आरोग्य केंद्राने ठरवावं. शी काळपट होते, त्याला घाबरायचं कारण नाही. ताप असताना लोह थांबवा, आणि मलेरियाचा भाग असेल तर तापाच्या प्रत्येक मुलाची आधी रक्ततपासणी. अतितीव्र कुपोषित मुलाला तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोह सुरूच करू नये.

एक इशारा सगळ्या घरांत पोहोचला पाहिजे. सिरपच्या ५० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असतं. नऊ-दहा किलोच्या मुलाने खेळता खेळता ती बाटली पिऊन टाकली तर जीव जाऊ शकतो. बाटली उंच फळीवर, बंद. असं घडलंच तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि हे सगळं लोह वाया घालवणारी एक सवय विदर्भात घरोघरी आहे: बाळाला सकाळी कोरा किंवा दुधाचा चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट किंवा टोस्ट. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही, भूक मारतं आणि पोषण काहीच देत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा चहा बंद झाला, तर फोर्टिफाइड तांदळाइतका नाही, त्याहून जास्त फरक पडेल. उलट जेवणासोबत लिंबाचे चार थेंब, टमाटर, पेरू, आवळा किंवा हंगामात संत्र्याच्या दोन फोडी दिल्या, तर भात-डाळ-भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. फोडींची साल आणि बिया काढा. जंताची गोळी वर्षातून दोनदा: एक ते दोन वर्षांना २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून, त्यापुढे पूर्ण ४००. जीवनसत्त्व अ चा डोस नवव्या महिन्यापासून, पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. हे सगळं फुकट आहे.

डबे का नकोत

जाहिरातीतल्या पावडरीत बहुतेक वेळा साखर, माल्ट आणि थोडी जीवनसत्त्वं असतात. आई दोन चमचे पेलाभर दुधात नाही तर पाण्यात घालते, मूल गोड पिऊन पोट भरतं आणि जेवण टाळतं. डबा महिना काढत नाही, निधी संपला की सगळं थांबतं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डबाबंद आहाराची जाहिरात आणि प्रचार करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ग्रामपंचायतीने तेच डबे वाटणं म्हणजे कंपनीचा प्रचार सरकारी पैशाने करणं. बाटली-निपल तर गावात कोणीच वाटू नये.

त्याऐवजी अंडी. एका अंड्यात ७० च्या घरात कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, बी-१२, जीवनसत्त्व अ, आणि भेसळ करता येत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळायला हवीत. ग्रामसभेने आधी ते चार दिवस नियमित होतात का, हे बघावं आणि निधीतून उरलेले तीन दिवस भरावेत. तीस मुलं, तीन दिवस, चार आठवडे: ३६० अंडी, म्हणजे महिन्याला ३० च्या १२ ट्रे. उकडलेलं अंडं अंगणवाडीतच खाऊ घाला. घरी पाठवलेलं कच्चं अंडं कोणाच्या ताटात जातं, सांगता येत नाही. लहान बाळाला पूर्ण शिजवून, कुस्करून द्या. न खाणाऱ्या घरांसाठी केळं आणि शेंगदाण्याचा कूट.

कोणत्या मुलाला हे पुरणार नाही

दंडाची पट्टी सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक मुलाला दर महिन्याला लावा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली, पट्टीच्या लाल भागात, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. पट्टी घट्ट ओढली की कमी आणि ढिली ठेवली की जास्त येतं. ती कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नको. दोन्ही पायांवर अंगठा काही क्षण दाबून खड्डा राहतो का, तेही पाहा. सूज असेल तर पट्टी काहीही सांगो, ते मूल गंभीर आहे.

लाल पट्टीतलं पण भूक चांगली असलेलं मूल ग्राम बाल विकास केंद्रात, तिथे मिळणाऱ्या खास ऊर्जादायी आहारावर. तो औषधासारखा, मोजून, त्याच मुलाला. बाकीच्या मुलांत प्रतिबंध म्हणून वाटायचा नाही. भूक नाही, ताप, जुलाब, सूज, सुस्ती यातलं काही असेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्र. जुलाब झालेल्या सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक मुलाला ओआरएस आणि १४ दिवस २० मिलिग्रॅम झिंक, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी गोळी पूर्ण. आजारातून उठल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

निधीचा सगळ्यात मोठा वाटा कशाला

भरवणाऱ्या हातांना. सोंगणी, कापूस वेचणी, मोहफुलं वेचणं या दिवसांत आई पहाटे निघते आणि संध्याकाळी येते. मूल आजीजवळ किंवा सात वर्षांच्या बहिणीजवळ असतं. सकाळची पेज आणि रात्रीचा भात, मधले दहा तास रिकामे. कितीही उत्तम फोर्टिफाइड अन्न घरात असलं तरी ते दुपारी कोणी शिजवून, बसून, चमच्याने भरवत नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून हंगामाच्या चार महिन्यांसाठी अंगणवाडीशेजारी पाळणाघर चालवा. दहा मुलांमागे एक बाई, रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी नाही असा मेहनताना, सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता भरवणं. चुलीचं इंधन, साबण, झाकणाचं पाण्याचं भांडं, हे धरून अंदाजपत्रक करा. सुपारी, बिब्बा, दाणे जमिनीवर नसावेत, गुदमरण्याचे प्रसंग तिथूनच येतात.

दिवाळीनंतर बाहेरगावी कामाला जाणारी कुटुंबं ओळखून ठेवा. निघायच्या आठवड्यात त्या मुलाचं वजन आणि दंड मोजा, माता-बाल संरक्षण कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहून द्या, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद करून घ्या म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार मागता येईल. सोबत दोन किलो पीठ, वेगळा बांधलेला कूट आणि अर्धा लिटर तेल द्या. होळीला परतल्यावर पहिल्या आठवड्यातच पुन्हा मोजमाप, आणि जे मूल खाली घसरलं असेल त्याचं नाव त्याच दिवशी परिचारिकेच्या यादीत.